समिती येऊन गेल्यावर

२००० नंतरच्या आठ-दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या खेड्यात शाळेत गेलेल्या कुणापुढेही 'समिती येणार' एवढे दोनच शब्द उच्चारून बघा. कुठली समिती, असं तो विचारणार नाही. भिंतींना गेरू-चुना, झाडांच्या बुंध्यांना तांबडे-पांढरे पट्टे, दारोदार सडा-रांगोळी, पोरांची प्रभातफेरी, आणि गुरुजींची तंबी: उद्या नखं कापून या. वर्षभर उकिरड्याला खेटून असलेली चावडी चार दिवसांत ओळखू येईनाशी व्हायची.

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान म्हणजे एका अर्थी गावांना दिलेलं आव्हान होतं. रोजच्या सवयी बदला, बाहेरची माणसं, म्हणजे ती समिती, येऊन बघतील, गुण देतील, आणि जिंकलात तर बक्षीस. हल्ली असली आव्हानं मोबाइलवर रोज येतात: एकवीस दिवस प्लास्टिक नको, महिनाभर ओला-सुका कचरा वेगळा. पण अख्ख्या राज्याच्या खेड्यापाड्यांत, सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायतींपुढे असं आव्हान ठेवून पाहिलेलं हे प्रकरण आपल्याच घरचं आहे. आव्हानाने सवय लागते का आणि लागलेली टिकते का, हे कळायला एवढा मोठा आणि एवढा जुना दाखला दुसरीकडे शोधावा लागणार नाही.

आधीचा धडा

अभियानाच्या आधीची तीन वर्षं समजून घेतल्याशिवाय त्याचं नवेपण कळत नाही. १९९७ ते २००० या काळात राज्य सरकारने घसघशीत अनुदान देऊन ग्रामीण भागात सोळा लाखांहून अधिक शौचालयं बांधली. पैसे सरकारचे, नकाशा सरकारचा, बऱ्याच ठिकाणी ठेकेदारही वरूनच आलेला. नंतर तपासलं तर त्यातली निम्म्याच्या आसपास वापरातच नव्हती. त्यांत सरपण होतं, गोवऱ्या होत्या, कोंबड्या होत्या. घरातली सगळ्यात पक्की, सिमेंटची, दार लागणारी खोली शौचासाठी वाया घालवायची हे अनेकांना पटलंच नाही. मला यात लोकांचा अडाणीपणा दिसत नाही. ज्या घरात धान्य ठेवायला कोरडी जागा नाही, तिथे त्या चार भिंतींची किंमत मालकाने सरकारपेक्षा बरोबर ओळखली होती.

तेव्हा आर. आर. पाटील, म्हणजे सगळ्यांचे आबा, ग्रामविकासमंत्री होते. २०००-०१ मध्ये त्यांच्या खात्याने उलटा विचार केला. घराघराला आधी पैसे देण्याऐवजी गावाला आधी काम करू द्यायचं आणि जे गाव करून दाखवेल त्याला नंतर पैसे द्यायचे. आबा स्वतः गावोगाव फिरले, झाडू हातात घेतला, तसे फोटो निघाले आणि ते बघून कलेक्टर, सीईओ, बीडीओ सगळ्यांनाच झाडू घ्यावा लागला. थोडा देखावा त्यात होताच. पण साहेब रस्ता झाडतोय हे दृश्य गावाने त्याआधी पाहिलं नव्हतं.

नाव गाडगेबाबांचं दिलं तेही विचार करून. शेंडगावचा हा डेबूजी जानोरकर गावात शिरला की आधी खराटा चालवायचा आणि रात्री कीर्तन करायचा. कीर्तनात बाबा उपदेश झाडत बसत नसत. प्रश्न विचारत आणि उत्तर समोरच्यांकडूनच वदवून घेत. पाया कुणी पडायला आलं की काठी उगारत. बक्षिसाच्या रकमेबद्दल ते काय म्हणाले असते याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

स्पर्धा कशी बेतली होती

या स्पर्धेत भाग घ्यायचा तो अख्ख्या गावाने. एखादं घर चकाचक आणि शेजारी उकिरडा, असं असेल तर दोघांचेही गुण जातात. त्यामुळे जो शेजारी एरवी 'तुझं तू बघ' म्हणाला असता, तोच सकाळी दारात उभा राहून 'तुमची मोरी रस्त्यावर का सोडली?' असं विचारू लागला. गावकीतलं जुनं हत्यार, म्हणजे लोक काय म्हणतील, पहिल्यांदाच सांडपाण्यावर चाललं.

गुण कशाकशाला होते ते बघण्यासारखं आहे. पिण्याचं पाणी, सांडपाणी, शौचालयांचा वापर, कचरा, घर आणि परिसर, वैयक्तिक स्वच्छता, आणि शिवाय लोकसहभाग. खालच्या पातळीवर जिंकलेलं गाव तालुक्याला, मग जिल्ह्याला, विभागाला आणि शेवटी राज्याला जायचं. जोडीला विशेष पुरस्कार होते: पाणी आणि सांडपाण्यासाठी वसंतराव नाईकांच्या नावाचा, कुटुंबकल्याणासाठी आबासाहेब खेडकरांच्या नावाचा, सामाजिक एकतेसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाचा. म्हणजे निदान कागदावर तरी, दलित वस्ती सोडून बाकीचं गाव झाडलं तर ते चालणार नव्हतं.

पैशाचं गणितही मजेशीर होतं. भाग घेणाऱ्या हजारो गावांपैकी बक्षीस मिळणार मूठभरांना. पण चर खणणं, शोषखड्डे, गटारं, रस्त्यांचा मुरूम हे काम मात्र भाग घेणाऱ्या प्रत्येक गावात झालं आणि बरंचसं श्रमदानातून व वर्गणीतून झालं. बक्षिसाच्या कितीतरी पट मोलाचं काम सरकारला फुकटात मिळालं. गावांना हे कळत नव्हतं असं नाही. कुस्तीच्या फडात शंभर पैलवान उतरतात, गदा एकालाच मिळते, तरी पुढच्या यात्रेला शंभर पुन्हा येतातच की.

टमरेल आणि शिट्टी

रस्ते झाडणं सोपं होतं. अवघड होतं ते परसाकडे जाणं बंद करणं.

गावाबाहेरचा ओढा, स्मशानाकडची वाट, रस्त्याची कड, सगळ्यांना ठाऊक असलेल्या या जागांना कुठे हागणदारी म्हणत, कुठे गोदरी. पुरुषांसाठी ती सकाळची फेरी होती, गप्पांचा अड्डाही होता. बायांसाठी मात्र अंधार पडेपर्यंत वाट बघायची, गाडीचा उजेड आला की उभं राहायचं, पावसाळ्यात चिखल आणि विंचूकाटा. दिवसभर पाणी कमी पिणाऱ्या बायका आमच्या पिढीने घरात पाहिल्या आहेत. त्या कमी का पितात हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

मग आलं गुड मॉर्निंग पथक. इंग्रजी नाव असूनही ते पार वाड्या-वस्त्यांवर रुळलं. पहाटे पाचला ग्रामसेवक, शिक्षक, अंगणवाडीताई, बचत गटाच्या बाया, कधी शाळेची पोरं हागणदारीच्या वाटेवर उभी राहत. टमरेल घेऊन आलेल्याला कुठे गुलाबाचं फूल, कुठे शिट्टी, कुठे नुसतंच मोठ्याने 'गुड मॉर्निंग'. पुढे पुढे पोलिसात नेणं, दंड, खटले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचं तर घरी शौचालय हवं आणि ते वापरात हवं, ही अटही कायद्यात आली.

या पथकांबद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. त्यांनी काम केलं यात शंका नाही. लाज ही गावातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात झपाट्याने चालणारी यंत्रणा आहे. पण लाज सगळ्यांना सारखी लागत नाही. ज्याच्या वाड्यात चार गुंठे परस आहे तो आठवड्यात खड्डा खणून मोकळा होतो. गावठाणात दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, दारासमोर हातभर बोळ, त्याने खड्डा कुठे खणायचा? शिट्टी मात्र त्याच्यासाठीच वाजते. म्हातारा माणूस टमरेल लपवत आडवाटेने पळतोय आणि पोरं हसतायत, याला स्वच्छतेचं यश म्हणायला जीभ रेटत नाही. शिक्षकांना ही पहाटेची ड्यूटी लावण्यावरून जी बोंब झाली ती रास्तच होती.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारने २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला. संपूर्ण हागणदारीमुक्त ग्रामपंचायतीला लोकसंख्येप्रमाणे ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत बक्षीस. महाराष्ट्राची गावं आधीपासून तालमीत तयार होती, त्यामुळे या पुरस्काराच्या यादीत राज्य सतत पुढे राहिलं. काही वर्षांतच राज्यातल्या नऊ हजारांहून अधिक ग्रामपंचायती निर्मल ठरल्या, म्हणजे जवळपास दर तीनातली एक.

आता जनगणना बघू. २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या ग्रामीण घरांपैकी १८.२ टक्के घरांत शौचालय होतं. देशाची ग्रामीण सरासरी २१.९ होती. आपण देशाच्या मागे होतो, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. २०११ मध्ये आपण ३८ टक्क्यांवर आलो, देश ३०.७ वर. दहा वर्षांत दुपटीहून जास्त, आणि मागून पुढे. अभियानाच्या बाजूने बोलणारा हा पक्का पुरावा.

पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की एक तृतीयांश ग्रामपंचायती 'निर्मल' असलेल्या राज्यात निम्म्याहून अधिक ग्रामीण कुटुंबं २०११ मध्येही उघड्यावरच जात होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायच्या तर निर्मल गावांच्या पाट्यांमागे काहीतरी गळत असलं पाहिजे. युनिसेफने २००८ च्या सुमारास महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या १६२ पुरस्कारप्राप्त ग्रामपंचायतींची पाहणी करवून घेतली, तेव्हा खरोखर संपूर्ण हागणदारीमुक्त राहिलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. शौचालयं पडली नव्हती. बहुतेक उभी होती. माणसं परत ओढ्याकडे वळली होती, कधी सगळी, कधी घरातले फक्त पुरुष.

पुढे २०१४ पासून स्वच्छ भारत मिशनमध्ये कुटुंबाला १२ हजार रुपये मिळू लागले, सुमारे ६० लाख शौचालयं बांधली गेली आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. चाक फिरून पुन्हा अनुदानावर आलं. या वेळी वापर पुष्कळ जास्त झाला. त्याचं कारण मला तरी असं वाटतं की मधल्या पंधरा वर्षांत अभियानाने टमरेल ही लाजेची गोष्ट करून ठेवली होती. अनुदान तेच, पण ते पडलं त्या जमिनीची मशागत आधी झालेली होती.

घसरलं कुठे

गावं परत का वळली, याची उत्तरं फार साधी आहेत. बहुतेक वेळा पाणी.

खेड्यासाठी योग्य असलेल्या शौचालयाचं भांडं तीव्र उताराचं असतं. त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. स्वस्तात किंवा हौसेने शहरी सपाट भांडं बसवलं की दर वेळी बादली लागते. सहा माणसांच्या घरात दिवसाला सहा-सात बादल्या म्हणजे विहिरीच्या किती खेपा, याचा हिशोब बादली वाहणारीलाच विचारावा. मार्च उजाडला, विहीर तळाला गेली की पुरुषांना सांगितलं जातं, तुम्ही जा बाहेर. या निर्णयात आळस नाही, घरातल्या बाईने केलेली पाण्याची वाटणी आहे. समिती मात्र हिवाळ्यात यायची, विहिरीला पाणी असताना.

दुसरं कारण तारखेचंच, पण वेगळ्या तऱ्हेचं. मराठवाड्यातली, विशेषतः बीडकडची गावं दिवाळीच्या आसपास अर्धी रिकामी होतात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहतात. गावातल्या त्यांच्या शौचालयाला कुलूप, आणि फडावर काहीच नाही. वर्षातले पाच-सहा महिने ज्याला उघड्यावर जाण्यावाचून इलाज नाही, त्याची सवय गावात परतल्यावर कुठल्या गुणपत्रिकेने बदलावी? स्पर्धेचं एकक गाव होतं, आणि ही माणसं अर्धं वर्ष गावाची नसतात.

तिसरं कारण, बक्षीस एकदाच मिळतं. एकदा जिल्ह्यात पहिलं आलेलं गाव पुढच्या वर्षी कशासाठी पळणार? जिंकलेल्या गावात पुढच्या सरपंचाला त्या कामात रस नसतो, कारण श्रेय आधीच्याच्या नावावर जमा आहे. कमानीवर पुरस्काराचं साल रंगवलेलं आणि कमानीखालीच कचऱ्याचा ढीग, असं दृश्य फिरणाऱ्या माणसाला बरंच दिसतं.

पाटोद्याची गिरणी

याला अपवाद असलेली गावं आहेत, आणि त्यांतलं छत्रपती संभाजीनगरजवळचं पाटोदा मला सगळ्यात बोलकं वाटतं. भास्करराव पेरे पाटील तिथे बरीच वर्षं सरपंच होते. त्यांची रांगडी भाषणं महाराष्ट्रभर ऐकली गेली. गावाला पुरस्कार भरपूर मिळाले. पण ते बाजूला ठेवून त्यांनी केलेली एक व्यवस्था बघायला हवी: जो ग्रामपंचायतीचे सगळे कर भरेल त्याचं दळण वर्षभर मोफत.

दळण! खेड्यातल्या घरातून आठवड्याला एकदा तरी कुणीतरी डबा घेऊन गिरणीत जातंच. म्हणजे आपण कर भरला आहे की नाही, याची आठवण गिरणीच्या रांगेत आपोआप होते, आणि तीही गाजावाजा न करता. कर आला की पंचायतीकडे पैसा, पैशातून पिण्याचं, वापरायचं, अंघोळीचं गरम अशी वेगवेगळी पाण्याची सोय, झाडं, कचरा उचलणं. पाणी हमखास मिळालं की शौचालय वापरात राहतं. कुठेही शिट्टी नाही. समिती वर्षातून एकदा येते, गिरणी रोज चालू असते, एवढाच काय तो फरक, आणि माझ्या मते सगळा फरक त्यातच आहे.

हे सांगताना एक गोष्ट लपवणं बरोबर नाही. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत पेरे पाटलांच्या कन्येचा त्याच गावात पराभव झाला. तेव्हा वर्तमानपत्रांतून 'गाव कृतघ्न निघालं' असा सूर लागला. मला तसं वाटत नाही. सवयी लागल्या म्हणून मतंही बांधली गेली पाहिजेत, हा हट्ट कशाला? सोयी गावाच्या झाल्या की त्या देणाऱ्याला गाव हरवू शकतं. उलट सरपंच बदलताच दळण बंद पडतं का, हे बघणं जास्त महत्त्वाचं.

दुसरा खड्डा

अभियानाने आणि नंतरच्या योजनांनी सुचवलेलं शौचालय दोन खड्ड्यांचं. एक खड्डा पाच माणसांच्या घराला तीनेक वर्षं पुरतो, प्रत्यक्षात बरेचदा त्याहून जास्त. तो भरला की मधल्या चेंबरमध्ये एक तोंड बंद करून दुसरं उघडायचं. पहिला वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवला की आतल्या मैल्याची काळी, कोरडी, वास नसलेली माती होते. ती फावड्याने काढायची, शेतात टाकायची. अभियांत्रिकी म्हणून यात काहीच अवघड नाही.

तरीही खेड्यात घर बांधणारा माणूस हटकून सेप्टिक टँक मागतो, आणि टँक परवडत नसेल तर खड्डा लवकर भरू नये म्हणून शौचालय जपून वापरतो: बायका, म्हातारे, पाहुणे, रात्रीबेरात्री कुणी. बाकीचे बाहेर. कारण खड्डा कुणी उपसायचा हा प्रश्न त्याच्या मनात पहिल्या विटेपासूनच असतो. आपल्याकडे हे काम कुठल्या जातींवर लादलेलं होतं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या जातीतल्या पोरांनी आता नाही म्हटलं आहे हेही सगळ्यांना माहीत आहे. मातीच झालेली आहे, हात लावला तरी काही होत नाही, हे पत्रकात छापून पटत नाही. अभियानाच्या शंभर गुणांत या गोष्टीची परीक्षा होणंही शक्य नव्हतं, कारण पहिला खड्डा भरेपर्यंत समिती तीन-चार वेळा बदललेली असायची.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे तेव्हाचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली या गावात गेले आणि खुद्द खड्ड्यात उतरून ती माती उपसली. फोटो छापून आले, कौतुक झालं, मग जिल्ह्याजिल्ह्यांत अधिकाऱ्यांनी तसे कार्यक्रम केले. आबांच्या झाडूचीच ती पुढची पायरी होती. माझ्या ओळखीच्या एका गावात असाच कार्यक्रम झाला. साहेबांनी माती ओंजळीत घेऊन सगळ्यांना दाखवली, टाळ्या वाजल्या, गाड्या निघून गेल्या. उरलेला अर्धा खड्डा कुणी उपसायचा यावर त्या घरात संध्याकाळपर्यंत वाद चालला. शेवटी अंधार पडल्यावर घरातल्या सुनेने पाटी उचलली.